येनवाले निकम

निकमांचा जन्म झाला तेव्हा शंभर जपानी येनला साधारण सव्वा रुपया पडत असे. ही माहिती त्यांनी मला ओळखीच्या पहिल्या दहा मिनिटांत दिली. मी सातपूरच्या त्या कारखान्यात खरेदी विभागात नवीनच लागले होते आणि मी फक्त एवढंच विचारलं होतं, की स्टेशनरीचं कपाट कुठे आहे.

कपाट त्यांनी दाखवलं, पण वाटेत स्वतःचं चरित्र सांगून टाकलं. ते पहिलीत गेले तेव्हा शंभर येनला दोन रुपये. चांदवडला दहावी पास झाले तेव्हा साडेतीन. या कारखान्यात चिकटले तेव्हा साडेसात. लग्न झालं तेव्हा बावीस. "आणि आमची पल्लवी झाली तेव्हा सदतीस," असं म्हणून ते जरा थांबले. मुलीच्या पायगुणानेच जपान वर आलं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे असते हे त्यांना माहीत नव्हतं.

आमच्या कारखान्यात जपानी बनावटीची ग्राइंडिंग मशिन्स होती. त्यांचे सुटे भाग जपानहून मागवावे लागत आणि पैसे येनमध्ये द्यावे लागत. असा प्रसंग वर्षातून चार-पाच वेळा यायचा. त्या त्या दिवशी बँकेला फोन करून येनचा भाव विचारायचा, एवढंच निकमांचं काम होतं. निकम रोज विचारत. सकाळी सव्वानऊला फोन उचलून, "निकम बोलतोय, सातपूरहून. आजचा काय?" बँकेत साहेब बदलत गेले, प्रत्येक जण जाताना पुढच्याला बहुधा निकमांची कल्पना देऊन जात असावा. एकदा मात्र एक नवीन बाई आल्या, त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"किती येन घ्यायचेत सर?" त्यांनी विचारलं.

"घ्यायचे नाहीत. फक्त विचारायचंय."

"पण मग भाव कशासाठी हवाय?"

"वहीत जागा सोडता येत नाही हो मॅडम," निकम म्हणाले. ते इतक्या कळवळून म्हणाले, की त्या बाईंनी भाव दिला आणि पुढे बदली होईपर्यंत रोज देत राहिल्या.

वही म्हणजे लांबट आकाराचं जाड रजिस्टर होतं. नोकरीतल्या दिवसांचे भाव त्यात रोजच्या रोज लिहिलेले होतेच, पण नोकरीच्या आधीचेही होते, अगदी निकम जन्मले त्या वर्षापर्यंत मागे. ते मिळवण्यासाठी त्यांनी कित्येक रविवार वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळण्यात घालवले होते. जुन्या काळी रुपया आणि येन यांची समोरासमोर गाठ पडत नसे. रुपयाचा भाव डॉलरशी छापून यायचा, येनचाही डॉलरशी. निकम दोघांच्या डॉलरशी झालेल्या भेटी शोधून काढत आणि कागदावर भागाकार करून त्यांचं आपसातलं नातं लावून देत. या कामाचे त्यांना कोणी पैसे देत नव्हतं, आणि सुट्टी वाया जाते म्हणून मंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, जे बोलत असत ते त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

"इतिहास बघा मॅडम," हे त्यांचं पालुपद. कोणी काहीही विचारलं तरी आधी हेच. कांद्याचा भाव, मुलाचं ॲडमिशन, गुडघेदुखी. इतिहास बघितला की प्रत्येक गोष्ट वर गेलेली खाली येते आणि खाली गेलेली वर येते, हे त्यातून सिद्ध होई. गुडघ्याच्या बाबतीत ते खरं ठरलं नाही, पण तो अपवाद त्यांनी वहीत घेतला नाही.

गेटजवळ एक फळा होता. अपघाताविना किती दिवस गेले ते त्यावर लिहीत. त्याच फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात निकम स्वतःच्या अक्षरात येनचा भाव लिहू लागले. परवानगी कोणी दिली नाही आणि पुसायलाही कोणी सांगितलं नाही. पहिल्या पाळीचे लोक जाताना बघायचे, दुसऱ्या पाळीचे येताना. महिन्याभरात लोकांच्या लक्षात आलं, की आकडा वर गेला की सुटे भाग महागतात, सुटे भाग महागले की वर्क्स मॅनेजर साहेबांचं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलेलं असताना रजा मिळत नाही. मग लोक रजेचे अर्ज येन उतरलेला पाहून टाकू लागले. टर्नर खात्यातल्या एकाने बहिणीच्या साखरपुड्याची तारीख काढायच्या आधी निकमांना येऊन विचारलं होतं, "निकमभाऊ, पुढच्या महिन्यात जपान लय वर जायचं नाय ना?" निकमांनी वही उघडली, दोन-तीन पानं मागे-पुढे केली आणि पंधरा तारखेच्या आत उरकून घ्या म्हणून सांगितलं. त्याने बारा तारीख धरली. रजा मिळाली. तेव्हापासून त्यांचं नाव येनवाले निकम पडलं आणि ते त्यांना आवडायचं.

एकदा मशिनच्या दुरुस्तीसाठी जपानहून एक वयस्कर इंजिनिअर आले होते. निकमांनी त्यांच्यासाठी आठवडाभर खपून आलेख तयार केला. चार ग्राफपेपर एकाला एक चिकटवून, आपल्या जन्मापासून त्या दिवसापर्यंतचा. जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनच्या टेबलावर पसरून त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं, पुढे काय होईल असं साहेबांना वाटतं? साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ ती रेघ पाहिली. मग वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, की आमच्या गावामागे अगदी असाच डोंगर आहे. आणि मग विचारलं, की हा भात पुन्हा मिळेल का.

निकम त्या दिवशी फार खट्टू झाले. संध्याकाळी सायकल स्टँडपाशी मला म्हणाले, "काय बोलणार! माणूस जन्मभर येनमध्येच राहतो. त्याला येनचा भाव कुठून माहीत असणार?"

निकमांना स्वतःवर इतका विश्वास कशामुळे होता, तेही सांगायला हवं. अमेरिकेत बँका बुडाल्या त्या वर्षीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात आमच्या कंपनीने एक मोठं मशिन घ्यायचं ठरवलं होतं. पैसे डिसेंबरात द्यायचे होते. येन तेव्हा चाळीसला होता. निकम वही घेऊन थेट मालकांच्या केबिनमध्ये शिरले आणि आत्ताच पैसे भरा म्हणून अडून बसले. मालकांनी बहुतेक त्यांना बाहेर काढण्यासाठीच हो म्हटलं. वर्ष संपता संपता येन चोपन्नवर पोचला. कंपनीचे किती लाख वाचले ते सगळ्या कारखान्याला तोंडपाठ होतं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर निकमांचा शाल, नारळ आणि पाच लिटरचा प्रेशर कुकर देऊन सत्कार झाला.

कुकर घरी वापरात आला. निकम मात्र त्या दिवसापासून थोडे बदलले. आधी ते भाव सांगायचे, आता भविष्य सांगू लागले. मला ते तेव्हाच खटकलं होतं, पण एकदा ज्याचं म्हणणं बरोबर ठरलंय त्याला कोण काय बोलणार.

पल्लवी त्यांची एकुलती एक मुलगी. सुट्या भागांच्या खोक्यांत जे जपानी कागद येत, ते निकम घरी नेत. पाठकोऱ्या कागदांवर तिने गणितं केली आणि पुढच्या बाजूची अक्षरं गिरवली. मेकॅनिकलचा डिप्लोमा होईस्तोवर तिला खोक्यावरचं लेबल वाचता येत होतं. पुढे नाशिकमध्येच रीतसर जपानी शिकली आणि करोनाच्या आदल्या वर्षी नागोयाजवळच्या एका गावात मशिनच्या कारखान्यात नोकरीला गेली. त्या दिवशी शंभर येनला चौसष्ट रुपये होते. निकमांनी ऑफिसात पेढे वाटले आणि प्रत्येकाला पेढ्याबरोबर हा आकडा दिला.

जाताना बाप-लेकीचा बेत ठरलेला होता. तीन वर्षं तिने तिकडे काम करायचं, पैसे साठवायचे, आणि परत येऊन सातपूरमध्येच एक गाळा घेऊन दोन ग्राइंडिंग मशिन टाकायची. "मशिन मी बघते पप्पा, खरेदी तुम्ही बघा," असं ती म्हणाली होती. हे वाक्य निकमांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की मला त्यातल्या स्वल्पविरामाची जागासुद्धा पाठ झाली. रिटायर झाल्यावर माणसं नाशिक दर्शन करतात, फुलझाडं लावतात. निकम गाळे बघत हिंडत होते. एक त्यांनी नक्की केला होता, रस्त्याच्या कडेचा, समोर रसवंती असलेला. मूळ मालकाला दर महिन्याला जाऊन भेटत.

तीन वर्षं झाली आणि पल्लवीचा फोन आला. "पप्पा, पैसे पाठवू का? गाळ्याला टोकन देऊन टाका. मी मार्चमध्ये राजीनामा देते."

येन तेव्हा साठला होता, आणि मधल्या काळात तो सत्तरला टेकून आला होता. निकमांनी वही उघडली.

"थांब," ते म्हणाले. "आत्ता आणले तर सरळ नुकसान. तो परत वर येणार. सहा महिने थांब."

ती थांबली. लहानपणापासून तिने वडिलांना या एका विषयात कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं. सहा महिन्यांनी येन छप्पन्न झाला. तिने पुन्हा विचारलं, निकमांनी पुन्हा थांबवलं. गाळ्याचा मालक कंटाळून म्हणाला, की साहेब, मी दुसरीकडे देऊन टाकतो. निकमांनी त्यालाही इतिहास बघायला सांगितलं.

तिसऱ्या वेळी मी तिथे होते. मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्या सातपूर कॉलनीतल्या घरी गेले होते. रविवार होता. टेबलावर कुकरला टेकवून मोबाइल उभा केलेला आणि पडद्यावर पल्लवी. मागे भिंतीवर कसलंसं कॅलेंडर. येन बावन्न झाला होता, त्यांच्या वहीतल्या गेल्या कित्येक वर्षांतला तळ.

"पप्पा, मला इथे थोडं एकटं वाटतं हल्ली," ती म्हणाली. "कमी तर कमी. येऊ का मी?"

आता कोणताही बाप यावर काय म्हणेल? मी पत्रिका हातात धरून वाट बघत बसले. निकमांचे डोळे पाणावले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी चष्मा वर केला, डोळे पुसले, वहीचं पान उलटलं आणि म्हणाले, "बाळा, तळाला कोणी विकतं का? आता इथून फक्त वरच जायचंय. एक वर्ष. इतिहास बघ."

स्वयंपाकघरातून मंदावहिनी हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या. त्याही चांदवडकडच्याच, आणि नाशिकमध्ये तीस वर्षं राहून त्यांच्या बोलण्यात तसूभर फरक पडलेला नव्हता. "लय झालं तुमचं येन-येन," त्या म्हणाल्या. "पोरगी यायचं म्हनती हाय ना? पोरगी घरी आनायची हाय का ते येन?"

"तुला त्यातलं कळत नाही," निकम म्हणाले.

"मला त्यातलं नाय कळत. मला पोरीचं कळतं."

पडद्यावर पल्लवी हसली. म्हणाली, "असू दे मम्मी. पप्पा म्हणतात तर थांबते." मग तिने माझ्या मुलाच्या लग्नाची चौकशी केली. मला निकमांचा त्या वेळी मनस्वी राग आला होता. उठून ती वही बंद करावी आणि त्यांना म्हणावं, अहो, ये म्हणा की तिला. मी म्हटलं नाही. चहा घेतला, पत्रिका दिली, अक्षता ठेवल्या आणि निघाले. अजून मला त्याची टोचणी आहे.

ते एक वर्ष पुरं व्हायच्या आत निकम एका दुपारी न कळवता माझ्या घरी आले. वही नव्हती. एवढ्या वर्षांत मी त्यांना वहीशिवाय पहिल्यांदाच बघत होते. चहा दिला, तो त्यांनी निवू दिला.

"पल्लवीनं घर घेतलं," ते म्हणाले.

"अरे वा! कुठे?"

"तिकडंच."

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"मी विचारलं तिला, काय भाव धरलास, रुपयात कितीला पडलं. तर म्हणाली, कसला भाव पप्पा? पगार येनमध्ये, हप्ता येनमध्ये. रुपयात करायचं सोडून दोन वर्षं झाली." त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "चांगलं घर आहे. फोटो दाखवले. एक खोली आमच्यासाठी ठेवलीय म्हणाली. पाहुणे आले म्हणजे लागते."

पाहुणे हा शब्द त्यांनी अगदी साधा उच्चारला. मग म्हणाले, "ती येत होती मॅडम. तीन वेळा निघाली होती. मी थांबवली. मला वाटायचं तिचं नुकसान होऊ नये. खरं सांगू का, मला बरोबर ठरायचं होतं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत वगैरे. असं बोलणं किती निरुपयोगी असतं ते बोलताना कळतं, तरी आपण बोलतोच. निकमांनी मान हलवली आणि गार चहा एका दमात संपवला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत येन वर आला. साठच्या घरात गेला. निकम म्हणाले होते तसंच, तळापासून वर, आणि त्यांनी दिलेल्या मुदतीच्या आसपासच. निकम बरोबर ठरले. या वेळी कुकर कोणी दिला नाही. कारखान्यातल्या एकाने कौतुकाने फोन केला, तर मंदावहिनींनी साहेब झोपलेत म्हणून सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. रसवंतीसमोरच्या त्या गाळ्यात आता दुचाकीचे टायर विकतात.

निकमांना मी शेवटचं पाहिलं ते कॉलेज रोडवर, परदेशी चलन मिळतं त्या ऑफिसात. मी एका टूरबरोबर दुबईला निघाले होते आणि दिरहम घ्यायला गेले होते. शेजारच्या काउंटरवर निकम आणि मंदावहिनी उभे. निकमांनी नवा स्वेटर घातला होता, घडीच्या खुणा त्यावर तशाच होत्या. वहिनींच्या पिशवीतून दोन नवेकोरे पासपोर्ट डोकावत होते. मला बघून वहिनी म्हणाल्या, "पल्लवीकडं चाललो ताई. तिच्या घराची वास्तुशांत हाय. भटजी मोबाइलवर सांगनार, पूजा आमी करनार." निकमांनी मला हात केला आणि पुन्हा काउंटरकडे वळले.

काउंटरवर विशीतली एक मुलगी होती. तिने येनचा आकडा पडद्यावर बघितला, निकमांकडे बघितलं, आणि तिला बहुतेक त्यांची दया आली.

"काका, आज रेट फार चढाय," ती हळूच म्हणाली. "घाई नसेल तर सोमवारपर्यंत थांबा ना. उतरेल असं वाटतंय."

मी दिरहम मोजता मोजता थांबले. या माणसाला कोणीतरी येनच्या बाबतीत सल्ला देत होतं. मला वाटलं, आता इतिहास निघणार. पहिलीपासून सगळा निघणार आणि या मुलीचं जेवण बुडणार.

"नाही," निकम म्हणाले. "थांबायचं नाही. आज द्या."

"बघा हं काका, बराच फरक पडेल."

"पडू दे."

मुलीने नोटा मोजून दिल्या. निकमांनी त्या न मोजता वहिनींकडे दिल्या, वहिनींनी पदराआड नेऊन पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. मग निकमांनी त्यांना पायरी उतरायला हात दिला आणि दोघं उन्हात रिक्षा शोधायला लागली. पावती काउंटरवरच राहिली. मुलीने "काका, काका" म्हणून दोनदा हाक मारली. निकमांनी वळून पाहिलं, ठीक आहे अशी मान हलवली आणि रिक्षात बसले.

पावती मीच घेतली, म्हटलं कधी भेटले तर देईन. घरी येऊन चष्मा लावून पाहिली. भाव फारच वाईट लागला होता.